फोटो तीन एमबीचा, मग ॲप का कोसळतं?

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग जरा टेक्निकल आहे, पण टेन्शन घेऊ नका. गुणाकार येत असेल तर सगळं समजेल.

सुरुवात माझ्या मामापासून करतो. माझी पहिली नोकरी एका छोट्या कंपनीत होती. आम्ही शेतकऱ्यांसाठी अँड्रॉइड ॲप बनवत होतो. पिकाचे फोटो पाठवायचे, तज्ज्ञ ते बघून सल्ला देणार. फोटो निवडायची स्क्रीन मी लिहिली होती. मोठ्या कौतुकाने मामाच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं. कापसाचा हंगाम होता. एका संध्याकाळी त्याचा फोन आला, "अरे, बोंडांत अळी दिसतेय. पण तुझं ॲप दोन फोटो घेतं आणि तिसऱ्याला बंद पडतं. काय करू?"

माझ्या फोनवर तर मस्त चालत होतं! पण माझा फोन नवा, आठ जीबी रॅमचा. मामाचा दोन जीबीचा, अँड्रॉइड ७ वाला.

आता गणित बघा. मामाच्या फोटोची फाइल होती साधारण ३ एमबीची. मला वाटलं, तीन फोटो म्हणजे ९ एमबी, त्यात काय एवढं? इथेच मी चुकलो. जेपेग फाइल म्हणजे घडी घातलेली नऊवारी. कपाटात एवढीशी जागा घेते, पण वाळत घातली की अख्खी दोरी व्यापते. स्क्रीनवर फोटो दाखवायचा तर ही घडी उलगडावीच लागते. उलगडलेल्या फोटोला म्हणतात बिटमॅप. त्यात प्रत्येक पिक्सेलला साधारणपणे ४ बाइट लागतात: लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता.

फोटो ४००० बाय ३००० चा, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. गुणिले ४. झाले ४८ एमबी! त्या फोनवर एका ॲपला मिळायची १२८ एमबीची हद्द. दोन फोटोंचे ९६ झाले, तिसऱ्याला जागाच नाही. आउट ऑफ मेमरी एरर, ॲप बंद.

अँड्रॉइड ८ पासून बिटमॅपचे पिक्सेल या हद्दीच्या बाहेर, नेटिव्ह मेमरीत ठेवले जातात. पण म्हणून रॅम फुकट मिळत नाही. फोनची मेमरी संपत आली की सिस्टिम ॲप्स बंद करायला लागते.

मी आधी काय केलं? मॅनिफेस्टमध्ये लार्ज हीप ट्रू केलं. म्हणजे घरात पसारा झाला म्हणून मोठं घर भाड्याने घेतलं. पाचव्या-सहाव्या फोटोला परत तेच.

खरा उपाय साधा आहे. स्क्रीनवर फोटोची चौकट होती जेमतेम ८०० पिक्सेल रुंद. मग ४००० पिक्सेल उलगडायचे कशाला? बिटमॅप फॅक्टरीला आधी सांगायचं, 'इन जस्ट डीकोड बाउंड्स' ट्रू. मग ती फोटो न उलगडता फक्त लांबी-रुंदी सांगते. त्यावरून 'इन सॅम्पल साइझ' ठरवायचा. तो ४ दिला की लांबी पाव, रुंदी पाव: १००० बाय ७५०. मेमरी किती? फक्त ३ एमबी. सोळा पटीने कमी, आणि त्या चौकटीत डोळ्याला फरक कळत नाही.

आता तुम्ही विचाराल, फोटो लहान केला तर तज्ज्ञाला अळी कशी दिसणार? दिसणार, कारण मूळ फाइलला आपण हातच लावत नाही. अपलोड करताना तिचे बाइट थोडे थोडे करून तसेच पुढे पाठवायचे. पाठवायला घडी मोडावी लागत नाही!

ग्लाइड, कॉइल या लायब्ररी हे सगळं आपोआप करतात. जरूर वापरा. पण त्यांना 'ओरिजिनल साइझ' मागितलात तर त्याही बिचाऱ्या अख्खी नऊवारी उलगडून देतात. आणि भला मोठा नकाशा झूम करून दाखवायचा असेल, तर बिटमॅप रीजन डीकोडर आहे. तो हवा तेवढाच तुकडा उलगडतो. आयफोनवर क्लास आणि फंक्शनची नावं वेगळी, गणित हेच.

नवं व्हर्जन मामापर्यंत पोचायला चार दिवस लागले. तोवर तो तालुक्याच्या दुकानातून मिळेल ते औषध आणून फवारून मोकळा झाला होता. मला काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "आता दहा फोटो घेतंय बघ." ते जास्त लागलं.

त्या महिन्याच्या पगारातून मी एक जुना, दोन जीबीचा फोन विकत घेतला. आजही माझा कोड आधी त्यावर चालतो, मग बाकीच्या फोनवर. तुमच्याही घरात असा एखादा फोन ड्रॉवरमध्ये पडलेला असेल. काढा, चार्ज करा आणि तुमच्या ॲपमध्ये एकापाठोपाठ दहा फोटो उघडून बघा. काय होतं ते मला नक्की कळवा.

चला, भेटू पुढच्या भागात!