कोड पाहुण्याचा, जबाबदारी आपली



 या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून आज एकाच प्रश्नावर बोलतो : प्रकल्पाबाहेरच्या माणसाने पाठवलेला कोड आपण कसा स्वीकारायचा?

लिनक्स कर्नलची सुरुवातीची कित्येक वर्षं सगळा व्यवहार ई-मेलवर चाले. लोक पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवत; कर्नलचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स ते वाचत आणि पटले तर घेत. हे बदल नोंदवायला २००२ पासून वापरलेल्या बिटकीपर या साधनाची मोफत सोय २००५ मध्ये बंद झाली, तेव्हा त्यांनी त्याच कामासाठी गिट लिहायला घेतलं. पाहुण्यांचा कोड हाताळण्याच्या गरजेतून ते घडलं, आणि त्याच्या रचनेत ही गरज स्पष्ट दिसते. गिटच्या प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, दोन नावांना स्वतंत्र जागा आहे : कोड लिहिणाऱ्याचं नाव आणि तो दाखल करणाऱ्याचं नाव. पहिलं श्रेयाचं, दुसरं जबाबदारीचं.

ही सोय असूनही पुष्कळ ठिकाणी आलेल्या फाइली उचलून आपल्याच नावाने कमिट केल्या जातात. ई-मेलने आलेला पॅच ‘गिट एएम’ने घेतला, तर लेखकाचं नाव, तारीख आणि त्याने लिहिलेला खुलासा जसाच्या तसा राहतो. एका आज्ञेचं काम आहे. ते टाळून आपण कुणाचं तरी श्रेय पुसतो. शिवाय दहा वर्षांनी ‘ही ओळ अशी का?’ असं विचारायचं झालं, तर कुणाला विचारायचं तेही कळत नाही.

श्रेयाइतकाच हक्काचा प्रश्न मोठा. २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर खटला भरला. युनिक्सचा कोड लिनक्समध्ये गेला, असा आरोप त्यातून पुढे आला. त्यानंतर २००४ मध्ये कर्नलने ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ सुरू केली. हा कोड फाइलीत नमूद केलेल्या मुक्त परवान्याखाली देण्याचा मला अधिकार आहे, असं पाठवणारा त्या ओळीने सांगतो. पॅच ज्यांच्या हातून पुढे जातो, तेही आपापली ओळ जोडतात. ओळ एवढीशी, पण कोड कुठून आला, कुणाकुणाच्या हातून आला, हे त्यामुळे कायमचं नोंदलं जातं.

मात्र नोंद म्हणजे तपासणी नव्हे. फाइली संकुचित करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या २०२४ मधल्या प्रकरणाने हे दाखवून दिलं. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ उपयोगी काम करत विश्वास मिळवला आणि त्या काळातच देखभालीचे अधिकार हाती घेतले. मग चाचणीच्या फाइली म्हणून, दूरच्या संगणकावर लॉगिन करायच्या एसएसएच सेवेत चोरदार उघडणारा घातक कोड आत आणला. तो जागा करणारी स्क्रिप्ट तर गिटमध्ये नव्हतीच, फक्त वितरणासाठी बांधलेल्या फाइलगठ्ठ्यात, म्हणजे टारबॉलमध्ये, होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्यांनी पिच्छा पुरवला, म्हणून जग वाचलं.

एवढ्याने घाबरून दार लावून घेऊ नका. त्या प्रकल्पाचा भार वर्षानुवर्षं एकाच थकलेल्या मेन्टेनरवर होता आणि त्याने अधिकार सोडावेत म्हणून त्याच्यावर दबाव येत होता. खरी फट तिथे होती. अनोळखी माणसाचा कोड घेण्यात धोका नाही; तो वाचायला कुणी नसण्यात आहे.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. एका पॅचमध्ये एकच बदल असू द्या. उगम न सांगता येणारी बायनरी फाइल घेऊ नका. टारबॉल रिपॉझिटरीतूनच, कुणालाही पडताळता येईल असा तयार करा. प्रत्येक पॅचला उत्तर द्या. नकार असेल तर कारणासह द्या, कारण पहिल्याच पॅचला उत्तर मिळालं नाही तर नवखा माणूस बहुधा दुसरा पाठवत नाही. आणि मुक्त सॉफ्टवेअरवर ज्यांचा धंदा चालतो, त्या कंपन्यांनी आपल्या माणसांना कोड वाचण्यासाठी कामाच्या वेळेतले तास द्यावेत.

कोड लिहिणाऱ्यांचा आपण गौरव करतो. पुढच्या संमेलनात दुसऱ्याचा कोड निगुतीने वाचणाऱ्यांचाही व्हावा, असा ठराव मी अध्यक्ष या नात्याने आपल्यापुढे मांडतो.