रुग्णालय प्रशासन : वाणिज्य पदवीधरांसाठी सेवेचे क्षेत्र
(सुवर्ण महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



कापडाच्या पेढीवर आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाने रुग्णालयाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु रुग्णालय जसे डॉक्टरांच्या कौशल्यावर चालते, तसेच ते हिशेब, साठा आणि वेळ यांच्या शिस्तीवरही चालते. न खपलेला तागा पुढच्या हंगामात सवलतीने विकता येतो. मुदत संपलेले औषध मात्र टाकूनच द्यावे लागते. म्हणून ज्याची मुदत आधी संपते ते आधी वापरायचे, हा तेथील साठ्याचा नियम. रुग्णाला सकाळी घरी सोडायचे ठरले, तरी बिल, उरलेल्या औषधांची परतफेड आणि विम्याची मंजुरी यांत सायंकाळ होते. तोवर दुसरा रुग्ण खाटेसाठी ताटकळतो. हे सारे जुळवून आणणारा तो रुग्णालय प्रशासक.

गरिबाच्या बाबतीत या कामाचे मोल अधिकच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. परंतु कागदपत्रे तपासून वेळेवर प्रस्ताव पाठविणारा जाणकार माणूस नसेल, तर राखीव खाट रिकामी राहते आणि गरीब कर्ज काढतो. औषधदानाची परंपरा सांगणाऱ्या आपल्या समाजाने इमारत बांधून, देणगीदारांची पाटी लावून थांबू नये. ती चालविणारी माणसेही घडवावीत.

यासाठी शिक्षणाची सोय आपल्या राज्यातच आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पुण्यात सिंबायोसिसमध्ये या विषयाचे एमबीए करता येते. काही संस्थांत एमबीबीएसची अट असते, म्हणून अर्जापूर्वी पात्रता नीट पाहावी. प्रत्यक्ष रुग्णालयातील प्रशिक्षण किती महिन्यांचे आहे, हेही फी भरण्याआधी विचारावे.

तरुण मित्रांनो, पहिल्याच दिवशी व्यवस्थापकाची खुर्ची मिळत नाही. बिलिंग, विमा विभाग, औषधभांडार किंवा एनएबीएच मानांकनाचे काम येथून सुरुवात होते. रुग्णालयाला रविवार नाही आणि दिवाळीही नाही. समोरचा माणूस गिऱ्हाईक नसून धास्तावलेला नातेवाईक असतो. त्याच्याशी सौम्य बोलणे हाही या विद्येचाच भाग आहे.

सी.ए.ची परीक्षा अर्धवट सुटली म्हणून निराश होऊन दुकानात बसलेली मुले-मुली आपल्या अनेक घरांत आहेत. त्यांच्याजवळील हिशेबाचे ज्ञान येथे कामी येईल. आपल्या ट्रस्टने उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्तीत वैद्यकीय आणि अभियांत्रिकीबरोबर या अभ्यासक्रमाचाही समावेश करावा, अशी विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. दरवर्षी दोन विद्यार्थी जरी तयार झाले, तरी सुवर्ण महोत्सवाचे सार्थक झाले असे मी मानीन.

जय जिनेंद्र!