आईच्या शिव्या खाल्लेला सज्जन
(भेडाघाट येथील कौटुंबिक सहलीत केलेल्या भाषणावरून)



मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनियर. रूळ आणि स्लीपर सोडून मला फारसे बोलता येत नाही. पण भेडाघाटला आलो की सिनेमाचा विषय निघतोच, कारण राज कपूरच्या 'जिस देश में गंगा बहती है'चे चित्रीकरण इथे झाले होते. म्हणून आज एका नटाविषयी बोलतो, निळू फुले यांच्याविषयी.

ते पडद्यावर आले की आमची आई बोटे मोडायची. "मेल्याच्या डोळ्यांतच पाप आहे," म्हणायची. आम्हालाही ते खरेच वाटे.

जपानचे थोर नट तोशिरो मिफुने स्टुडिओत कॅमेरा-सहायकाची नोकरी मागायला गेले आणि नट झाले. कुरोसावांच्या १६ चित्रपटांत त्यांनी काम केले. आपले निळूभाऊ पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते घडले. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने नाव झाले आणि १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी' आला. १९७५ च्या 'सामना'तला हिंदुराव आणि १९८४ च्या 'सारांश'मधला पुढारी पाहून अंगावर काटा येतो. पण १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये तेच पत्रकार दिगू टिपणीस होते, सत्तेचा खेळ पाहून हादरणारे!

प्रत्यक्षात माणूस अगदी साधा. सामाजिक कार्यकर्त्यांना आधार देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसाठी त्यांनी डॉ. लागूंबरोबर 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. १९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १३ जुलै २००९ रोजी ते गेले.

हे सांगण्याचे कारण आहे. गेल्या वर्षी आपल्या वर्गणीचा हिशेब जुळेना. आपल्यातलेच एक सहकारी अबोल आहेत, चेहराही जरा उग्र. मी त्यांच्यावर संशय घेतला आणि दोघा-तिघांपाशी तसे बोललोही. शेवटी चूक निघाली ती माझ्याच बेरजेत. त्यांच्या कानावर सगळे गेले होते, तरी त्यांनी मला एका शब्दाने विचारले नाही. आज ते इथेच बसले आहेत. सर्वांसमोर मी त्यांची माफी मागतो.

आई आज असती, तर तिलाही निळूभाऊंची माफी मागायला लावली असती.

गणपती बाप्पा मोरया!