डॉक्टरची साक्ष आणि गावचा निवाडा



गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीत बसलं की सौंदड, अर्जुनी मागे टाकत गाडी वडशाला पोचते. वडसा म्हणजेच देसाईगंज. हे गाव आज ठाऊक आहे ते झाडीपट्टीच्या नाटक मंडळींमुळे. मंडईचे दिवस जवळ आले की आपल्याकडचे लोक नाटक ठरवायला तिथेच जातात. कायद्याच्या पुस्तकांत मात्र देसाईगंजचं नाव वेगळ्याच कारणाने छापलेलं आहे.

साल १९७२. या मार्गावर तेव्हा नॅरोगेजची छोटी गाडी धावायची. देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होतं, गडचिरोली जिल्हा व्हायला अजून दहा वर्षं होती आणि आपला गोंदिया भंडाऱ्यातच मोडत होता. २६ मार्चच्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एक अनाथ आदिवासी मजूर मुलगी आली, म्हणजे तिला आणलं गेलं. तिच्या भावानेच तक्रार केली होती की बहिणीला फूस लावून नेलंय. जबाब झाले, साडेदहाच्या सुमारास सगळे घरी निघाले आणि मुलीला तेवढं मागे थांबवण्यात आलं. ठाण्याचं दार बंद झालं, दिवे गेले. एका शिपायाने आपल्यावर बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलने अंगाशी झोंबाझोंबी केली, असं तिने बाहेर आल्यावर सांगितलं.

खटल्याचं अधिकृत नाव ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. लोक मात्र तो त्या मुलीच्या नावाने ओळखतात. मी ते नाव घेणार नाही. पीडितेचं नाव जाहीर करायला बंदी घालणारं कलम आलं तेच मुळी या खटल्यानंतर. तिला स्वतःला त्याचा काही उपयोग झाला नाही.

या प्रकरणातली लोकांची पहिली प्रतिक्रिया त्याच रात्रीची आहे. ठाण्यासमोर माणसं जमली, शिपायाला मारू, ठाणं जाळू, असा गलका झाला. गावातल्या एका डॉक्टरांनी रीतसर तक्रार द्या, असा सल्ला दिला. शेवटी दुसऱ्या एका हेड कॉन्स्टेबलला घरून बोलावून आणलं, त्यांनी जमावाला शांत केलं आणि मुलीचा जबाब लिहून घेतला. जमावाचं मी सहसा कौतुक करत नाही. पण त्या रात्री लोक घरी जाऊन झोपले असते, तर पोलिसाविरुद्धची तक्रार पोलिसाच्याच वहीत चढली असती का, याची मला शंका आहे.

आता डॉक्टरांच्या साक्षीकडे येऊ. मुलीची वैद्यकीय तपासणी झाली दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता, म्हणजे घटनेला वीसेक तास उलटल्यावर. महिला डॉक्टरांनी नोंद केली ती थोडक्यात अशी: अंगावर जखम नाही, योनिपटल पूर्वीच फाटलेलं, दोन बोटं सहज जातात, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. तिच्या शरीरावरून घेतलेल्या नमुन्यांत वीर्य मिळालं नाही. मुलीच्या कपड्यांवर आणि शिपायाच्या पायजम्यावर मात्र ते मिळालं.

ही नोंद बारकाईने पाहा. यात डॉक्टरांनी कुठेही ‘तिची संमती होती’ असं म्हटलेलं नाही. ते त्यांचं कामही नव्हे. बांधावर उभं राहून पाणी किती वाहून गेलं ते सांगता येतं. बांध कोणी फोडला ते नाही. पण १ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने निकाल दिला तेव्हा ‘दोन बोटं’ या शब्दांचा अर्थ झाला ‘सवयीची मुलगी’, सवयीची म्हणून खोटारडी, आणि खोटारडी म्हणून संबंध झालेच असले तरी ते तिच्या मर्जीने. दोघेही सुटले.

आणि वयाचं काय झालं? त्या वेळच्या कायद्याने सोळा वर्षांखालच्या मुलीच्या संमतीला काडीची किंमत नव्हती. डॉक्टर म्हणत होत्या चौदा ते सोळा. इथे मात्र न्यायालयाला वाटलं की वय सोळाच्या आत असल्याचा पुरावा पुरेसा नाही. साक्ष एकच, कागद एकच. त्यातलं मुलीला नडणारं तेवढं पक्कं आणि तारणारं तेवढं कच्चं. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे, आणि त्या खटल्यावर इतकं लिहिलं गेलं तरी या वयाच्या मुद्द्यावर लोक फारसे थांबत नाहीत.

उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये हा निकाल फिरवला. वीस तासांनी तपासलेल्या, बहुधा आंघोळही केलेल्या मुलीच्या अंगावर काय मिळणार, हे त्यांनी ध्यानात घेतलं आणि भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, असंही सांगितलं. शिपायाला पाच वर्षं, हेड कॉन्स्टेबलला एक वर्ष शिक्षा झाली. मग १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा सोडलं. आधार कोणता? जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणजे सगळं शांततेत झालं. रात्रीच्या वेळी, बंद ठाण्यात, वर्दीतल्या माणसासमोर एका मजूर पोरीने किती झटापट करायची होती, हा प्रश्न त्या निकालाला पडलाच नाही.

लोकांची दुसरी प्रतिक्रिया यायला वर्ष गेलं. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं यांतला फरक त्यांनी न्यायालयापुढे मांडला. ८ मार्च १९८० ला मुंबई, दिल्ली, नागपूर अशा शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. नागपुरात डॉ. सीमा साखरे यांनी हे काम पुढे जन्मभर चालवलं. खटल्याचा फेरविचार झाला नाही, सुटलेले सुटलेच. पण १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यातल्या स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं, असं कलम पुरावा कायद्यात आलं. आजच्या भारतीय साक्ष अधिनियमात ते १२० क्रमांकाचं आहे.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की पत्र लिहिणाऱ्यांनी तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना झोडपलं नाही. त्यांचा रोख त्या नोंदीतून काढलेल्या निष्कर्षावर होता. नोंदीतला दोन बोटांचा प्रकार मात्र पुढे तीस वर्षं तसाच चालू राहिला, कारण डॉक्टरांना पुस्तकात तेच शिकवलं जात होतं. त्याविरुद्धचा नेटाचा आवाजही पुन्हा विदर्भातूनच उठला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत न्यायवैद्यकशास्त्र शिकवणारे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्काराच्या तपासण्या किती ढिसाळपणे होतात याचा सविस्तर अहवाल तयार केला आणि प्रश्न नागपूर खंडपीठापुढे गेला. १० मे २०१३ ला राज्य सरकारने नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या, मार्च २०१४ मध्ये केंद्राच्या आल्या. त्याआधी एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या चाचणीला गैर ठरवलं होतं. तरी ती थांबेना, म्हणून ३१ ऑक्टोबर २०२२ ला त्याच न्यायालयाला म्हणावं लागलं की जो कोणी ही चाचणी करील तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. १९७२ ते २०२२. पन्नास वर्षं झाली की हो!

इथवर सांगितलं ते न्यायालयाने साक्ष ताणल्याचं. आता आपल्याकडे, म्हणजे लोकांकडे वळतो, कारण ताणण्यात आपणही काही कमी नाही.

आपल्या जिल्ह्यात एखादा संशयास्पद मृत्यू झाला की दुपारपर्यंत चीरघराबाहेर दोन-तीन टेम्पो भरून माणसं येतात. शवविच्छेदन झाल्यावर डॉक्टर कागदावर लिहितात: ‘मृत्यूच्या कारणाबाबत मत राखून ठेवले, व्हिसेरा रासायनिक तपासणीसाठी.’ बाहेर कुणी तरी अर्धवट वाचतो आणि पाच मिनिटांत बातमी होते की रिपोर्ट दाबला, डॉक्टर मॅनेज झाला. वास्तविक पोटातलं विष नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे बरणीत भरून, सीलबंद करून नागपूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात आणि तिथे आधीच बरण्यांची रांग असते. त्या दिवशी छातीठोकपणे कारण लिहून मोकळा होणाऱ्या डॉक्टरपेक्षा मत राखून ठेवणारा डॉक्टर जास्त प्रामाणिक असण्याचा संभव आहे.

अर्थात लोकांचा अविश्वास आभाळातून पडलेला नाही. आपल्या शेजारच्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. पहिल्या शवविच्छेदनावर कुणाचा विश्वास बसेना, तेव्हा पुरलेले मृतदेह उकरून पुन्हा तपासणी करावी लागली. पण पहिल्या वेळी जे नमुने घ्यायचे राहिले असतील, ते कुजलेल्या देहातून दुसऱ्यांदा कुठून मिळणार? महिनाभरातच विदर्भ पेटला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. बायकांवरच्या अत्याचाराचा भाग मात्र न्यायालयात शाबीत झाला नाही. लोकांना हेच सगळ्यात झोंबलं. त्यांच्या कानांवर ते ‘असं काही घडलंच नाही’ असं पडलं. शाबीत न होण्याचं खापर किती वेळा त्या पहिल्या काही तासांवर फुटतं, हे चीरघरातल्या माणसाला ठाऊक असतं. मोर्चातल्या माणसाला ते कुणी सांगत नाही.

उलटही घडतं. १९५६ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे रेल्वेने मुंबईला निघाल्या. सोबत त्यांचे डॉक्टर, अनंत लागू. बाई बेशुद्धावस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात पोचल्या आणि गेल्या. कागदावर कारण आलं मधुमेहाची मूर्च्छा. रासायनिक तपासणीत विष सापडलं नाही. तरी पुढे लागूंनी त्यांची मालमत्ता ज्या तऱ्हेने हडपली, ती सगळी साखळी पाहून त्यांना फाशी झाली आणि १९५९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तीन न्यायमूर्तींपैकी एकाचं मत विरुद्ध पडलं, हेही सांगायला हवं. ज्याला स्वतःलाच औषधांची जाण आहे, असा आरोपी माग न सोडणारं काही वापरू शकतो, हे इतरांनी मान्य केलं. तेव्हा ‘विष सापडलं नाही’ हे डॉक्टरांचं वाक्य खरंच होतं. त्याचा अर्थ ‘विष दिलं नाही’ असा झाला नाही.

उलटतपासणी ऐकायला कधी आपल्या सत्र न्यायालयात जाऊन बसा. डॉक्टर बहुधा बदलून गेलेले असतात, समन्स मिळालं म्हणून तीन-चार वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातून येतात आणि जुन्या दाखल्यावरून वाचून सांगतात. बचावाचे वकील विचारतात, “ही जखम पडल्यामुळे होऊ शकते?” डॉक्टर म्हणतात, “शक्य आहे.” प्रामाणिक माणूस दुसरं काय म्हणणार! दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो की डॉक्टरने साक्ष फिरवली, आणि गावात डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. लगेच सरकारी वकिलांनी विचारलेलं, “काठीच्या माराने होऊ शकते?” आणि त्यावरचं “तेही शक्य आहे,” हे कुठेच छापून येत नाही. प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल, तर डॉक्टरच्या अशा ‘शक्य आहे’ने ती सहसा पडत नाही. वैद्यकशास्त्राने ती गोष्ट अशक्यच ठरवली, तरच पडते.

आणि आता, येत्या काळात कुणाच्या उपयोगी पडेल असं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ प्रमाणे बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची तपासणी तक्रारीनंतर चोवीस तासांच्या आत व्हायला हवी, तिच्या संमतीनेच व्हायला हवी, आणि डॉक्टरांनी सात दिवसांत अहवाल तपास अधिकाऱ्याकडे द्यायला हवा. त्यात प्रत्येक निष्कर्षाचं कारण लिहायचं असतं. तेव्हा चोवीस तास उलटले तर गलका जरूर करा; सातव्या दिवसानंतरही अहवाल गेला नसेल तर ठाण्यात जाऊन विचारा, लेखी विचारा. पहिल्याच संध्याकाळी रुग्णालयाच्या काचा फोडल्या, तर आत चालू असलेली तपासणी तेवढी थांबते आणि त्याचा फायदा कुणाला होतो, हे बचावाच्या कुठल्याही वकिलाला विचारून पाहा.