फवारणीनंतरचा डबा

(सौंसर तहसिलीतील एका गावी शेतकरी, शिक्षक व पंचायत कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पांढुर्णा-सौंसरच्या बागाइतदारांपुढे फवारणीविषयी बोलण्याचा माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधरास फारसा अधिकार नाही. संत्र्यावर कोळशी केव्हा पडते, डिंक्या दिसताच खोडाला बोर्डोमलम कसा लावावा, हे आपणच मला शिकवावे. मी बोलणार आहे ते फवारणी आटोपल्यावर मागे काय उरते याविषयी.

गेल्या उन्हाळ्यात एका बागेत गेलो असता मालकांनी मोठ्या अगत्याने पाणी दिले. तांब्या खाली ठेवताना माझे लक्ष माठाशेजारच्या पांढऱ्या डब्याकडे गेले. त्याच डब्यातून विहिरीचे पाणी आणून माठ भरला जात असे. त्यावरील कागद खरवडून काढलेला होता. मात्र तिरप्या चौकोनाचा खालचा पिवळा कोपरा तेवढा शिल्लक होता. मी विचारले, तेव्हा मालक सहज म्हणाले, “औषधाचा डबा आहे साहेब, पण साबणाने दोनदा धुतला आहे.” मला त्या दिवशी काही झाले नाही. परंतु त्याच माठातील पाणी घरातील लहान मुले रोज पीत होती.

‘औषध’ हा शब्दच आपला घात करतो, असे मला वाटते. झाडाला जे औषध, ते माणसाला विष. शिवाय प्लॅस्टिकच्या भिंतीत विष मुरते, झाकणाच्या आट्यांत साचून राहते. साबणाने डबा स्वच्छ दिसतो, निर्विष होत नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत मध्यान्ह भोजन घेतलेली २३ बालके दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. ते तेल पूर्वी कीटकनाशक ठेवलेल्या डब्यात साठविले असावे, असे त्या वेळी अधिकाऱ्यांनी सांगितले. शिक्षकबंधूंनी आपल्या शाळेच्या स्वयंपाकघरातील प्रत्येक डबा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, ही माझी विनंती याच कारणास्तव आहे. त्याही पूर्वी, १९५८ साली, केरळात विष आणि धान्याचे पीठ एकाच जहाजातून आले, विष पोत्यांत पाझरले आणि शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यामागे ही दुर्घटना आहे.

त्या कायद्याखालील १९७१ च्या नियमांनी डब्यावर तो तिरपा चौकोन आणला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग लाल असेल तर विष अत्यंत जहाल, त्याहून उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. वरच्या अर्ध्या भागात कवटी असेल तर वेगळे सांगणे नकोच. अक्षरओळख नसलेल्या मजुरालाही हा रंग वाचता येतो. पण कोणी तरी एकदा दाखवून दिला पाहिजे. हिरवा म्हणजे निर्धोक, असा समज मात्र करून घेऊ नये.

आता डब्याचे काय करावे? औषध पंपात ओतल्यावर लगेच डबा पाव भागापर्यंत पाण्याने भरावा, झाकण घट्ट लावून अर्धा मिनिट खळबळावा आणि ते पाणी पंपातच ओतावे. असे तीन वेळा करावे. पैसे मोजून घेतलेले औषध वाया जात नाही, हा त्यातला व्यवहार आपणांस सहज पटेल. त्यानंतर पहारीने किंवा खिळ्याने डब्याच्या बुडाला भोके पाडावीत, म्हणजे तो पुन्हा पाण्याच्या, दुधाच्या वा रॉकेलच्या कामी येणार नाही. जाळू तर मुळीच नये. त्या धुराने छातीत विष जाते. डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत असे नियम सांगतो. माझ्या मते एवढ्यावर थांबता येणार नाही. बागेत दर बहाराला डबे निघतात, ते वर्षानुवर्षे कोठे पुरायचे? विक्रेता डबे परत घेत असेल तर त्याच्याकडे द्यावेत. नसेल तर पंचायतीने विहिरी-नाल्यांपासून दूर एक कुलूपबंद खोली राखून ते तेथे जमा करावेत आणि कृषी विभागाच्या सल्ल्याने पुढे पाठवावेत.

उरलेल्या द्रावणाचा प्रश्न आधी साध्या पाण्याने फवारून सुटतो. एका एकराला किती पंप लागतात हे त्यावरून कळते, मग तेवढेच कालवावे. तरीही थोडे उरलेच तर त्याच बागेतील राहिलेल्या झाडांवर फवारावे. परसातल्या भेंडी-वांग्यांवर ते मारून टाकण्याची सवय फार वाईट. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर तर २००५ सालीच बंद करण्यात आला आहे. पंपही नदी-नाल्यावर धुऊ नये. कपाशीच्या फवारण्या आणि पोळा एकाच सुमारास येतात. ज्या डोहावर सकाळी बैल धुवायचे, त्याच डोहावर आदल्या संध्याकाळी कोणी पंप धुतला असेल, तर वर्षभर राबलेल्या जनावराला आपण कशाने न्हाऊ घालतो याचा विचार करावा.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. आपल्याकडे कोणास घाम सुटून लाळ गळू लागली, दिसेनासे झाले, श्वास कोंडला, तर अंगावरील कपडे तत्काळ काढावेत, अंग साबणाने धुवावे आणि दवाखाना गाठावा. दूध-तूप पाजू नये, जबरीने उलटी करवू नये. डबा मात्र बरोबर न्यावा. त्यावरील नाव वाचूनच डॉक्टर उपाय ठरवतात. म्हणून कागद खरवडू नका, असे मी पुन्हा सांगतो.

बाहेर पटांगणात पाण्याचे पिंप, हातमोजे आणि पहार ठेवली आहे. ज्यांनी घरून रिकामे डबे आणले आहेत, त्यांनी ते तेथे आणावेत. जेथे चिकटपत्र शाबूत असेल, तेथे आधी रंग पाहू आणि मग बुडाला भोके पाडू.