पंचनाम्यात नसलेला रकाना



गोदावरीच्या एका काठावर सायखेडा, तर समोरच्या काठावर चांदोरी. निफाड तालुक्यातील या गावांना गंगेने समृद्धी दिली, तसेच पुराचे तडाखेही दिले. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचे पाणी येथे वस्तीत शिरले. पूर ओसरला की पंचनामे होतात. किती भिंती पडल्या, किती धान्य भिजले, किती पीक गेले, याची नोंद होते आणि ती झालीच पाहिजे; शासकीय मदतीचा आधार तोच कागद असतो. परंतु अशा रात्री शेजारच्या म्हातारीला खांद्यावरून कोणी नेले, कोरड्या घरातील चूल कोणासाठी पेटली, यासाठी पंचनाम्यात रकाना नाही. पुढे नुकसानीचा आकडा तोंडपाठ राहतो. धावून आलेल्याचे नाव मात्र विस्मरणात जाते.

रोजच्या जीवनातही हेच घडते. ग्रामपंचायतीत येणारा अर्ज बहुधा तक्रारीचा असतो. बागायतदाराच्या वहीत औषधे, मजुरी आणि उधारी यांचा हिशेब असतो. शिक्षकाच्या लाल शाईला चुकाच आधी दिसतात. जमेची बाजू लिहिलीच नाही, तर माणसाला आपले आयुष्य नुसते येणे-बाकीचे वाटू लागते. म्हणूनच रोजच्या दैनंदिनीची आवश्यकता आहे.

जुनी परंपरा, नवा पडताळा

लेखनाचे महत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी विद्यार्थ्यांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढीत. त्यांनीच १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. बंदिवासातील त्या लेखनाचा विषय बंदिवासाचे कष्ट हा नव्हता. आईचे ऋण हा होता.

आधुनिक मानसशास्त्रानेही याचा पडताळा घेतला आहे. मार्टिन सेलिग्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्यांची कारणे लिहिण्यास सांगण्यात आले. सहा महिन्यांनंतरही त्यांचे समाधान वाढलेले व खिन्नता कमी झालेली आढळली. ज्यांनी ही सवय स्वतःहून पुढे चालू ठेवली, त्यांना अधिक लाभ झाला.

तीन ओळींची दैनंदिनी

यासाठी शंभर पानी वही आणि पाच मिनिटे पुरेशी आहेत. रात्रीचे जेवण झाल्यावर, ठरलेल्या वेळी, तीनच ओळी लिहाव्यात. पहिली ओळ : आज कोणी काय भले केले? दुसरी : स्वतःच्या हातून कोणते काम नीट झाले? तिसरी : ते कशामुळे घडले? ‘सर्व ठीक’ असे मोघम लिहू नये. ‘पाटावर मोटार बंद पडली, शेजाऱ्याने हातचे काम टाकून ती सुरू करून दिली’ असे नेमके लिहावे. एखादा दिवस चुकल्यास मागील पाने भरीत बसू नये. पुढे चालू लागावे.

दुसरी ओळ लिहिताना अनेकांना संकोच वाटतो, कारण आत्मस्तुती हा आपल्याकडे दोष मानला जातो. परंतु आत्मस्तुती चारचौघांत केली जाते. ही नोंद स्वतःपुरती असते. दिवसभर राबून घर सावरणाऱ्या गृहिणीने ‘आज एवढे झाले’ असे लिहिणे हा अहंकार नव्हे, तो प्रामाणिक हिशेब होय. शाळेत हा उपक्रम घेणाऱ्या शिक्षकांनी त्या वह्या तपासू नयेत, त्यांना गुणही देऊ नयेत.

मर्यादेचे भान

कृतज्ञता म्हणजे गाऱ्हाणे गिळणे नव्हे. नुकसानभरपाईचा अर्ज दैनंदिनीमुळे मागे घ्यावयाचा नाही. तसेच मन सतत खचलेले असेल, तर वहीवर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे; शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

पंचनामा शासनाने करावा. भल्या कृत्यांची नोंद ज्याची त्याने ठेवावी. त्या नोंदीतील एखादे नाव वाचून कोणी उद्या त्या घरी जाऊन ‘त्या दिवशी तुम्ही होता म्हणून निभावले’ एवढे म्हटले, तरी वहीचे सार्थक झाले. पुढचा पूर येईल तेव्हा गावाला तीच माणसे लागणार आहेत.