होटगी ते दुधनी : एका ओल्या दिवसाची हकीकत

(वार्षिक स्नेहसंमेलनात होटगी येथे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस सायकलप्रवासाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही काही पराक्रम सांगू असा मंडळाचा समज झालेला दिसला. तो समज आरंभीच दूर केलेला बरा. पराक्रम करणारी माणसे निराळी. 1923 साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले व त्यांतील तिघे 1928 साली ती पुरी करून परत आले. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिका खंड आडवे ओलांडणारी सुमारे 4,800 किलोमीटरांची शर्यत एकट्याने पार पाडली. पुण्याची वेदांगी कुलकर्णी ही तर विशीतली मुलगी; तिने 2018 साली एकटीने सुमारे 29,000 किलोमीटर सायकल मारून पृथ्वीला वळसा घातला. आमची हकीकत होटगीहून गाणगापूरला निघून तेथे न पोहोचल्याची आहे. ती ऐकून घेण्याची आपली तयारी असेल तर सांगतो.

होटगी हे वाऱ्याचे गाव आहे, हे येथील मंडळींस सांगावयास नको. 1884 साली गदगकडून आलेला लोहमार्ग येथे मोठ्या मार्गास मिळाला व गावाला जंक्शन हे नाव लागले. परंतु लहानपणी आम्हांस जंक्शन म्हणजे गाडीची वाट पाहत, कान बांधून, फलाटावरच्या वाऱ्यात उभे राहणे एवढेच ठाऊक होते. भोवती काळी रानें, मध्ये डोंगर नाही, दाट झाडी नाही. कार्तिक-मार्गशीर्षात ज्वारी गुडघ्याच्या वर आली की तिच्यावरून वारा लाटा काढीत येतो. एरवी हा वारा कोरडा असतो व त्याचा त्रास ओठांना आणि टाचांना, ह्यापलीकडे काही नाही. मात्र बंगालच्या उपसागरात वादळ उठले आणि ते मद्रासेकडून आत शिरले, तर आमच्या इकडे दोन-चार दिवस आभाळ भरते, पूर्वेचा वारा सुटतो आणि ऐन हिवाळ्यात पाऊस पडतो. फुलावर आलेली तूर झडते, द्राक्षबागाईतदारांच्या तोंडचे पाणी पळते, आणि आमच्यासारखा एखादा मूर्ख सायकल घेऊन निघतो.

9 डिसेंबर 2022 च्या रात्री 'मंदौस' नावाचे वादळ महाबलीपुरमजवळ किनाऱ्यावर चढले. 11 तारखेस रविवार होता. दत्तजयंती नुकतीच होऊन गेली होती, गाणगापूरची गर्दी ओसरली असेल, तेव्हा सायकलने जाऊन दर्शन घ्यावे व रात्रीपर्यंत परत यावे असा आमचा बेत आधीच ठरला होता. जाऊन येऊन सुमारे 200 किलोमीटर. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांचा जो जगभर मान्य झालेला नियम आहे, त्यात 200 किलोमीटरांस साडेतेरा तास देतात. आम्ही चौसष्ट वर्षांचे, म्हणून स्वतःस सोळा तास दिले होते. आमच्या मंडळींनी आदल्या रात्री आभाळाकडे पाहून विचारले, "उद्या गेलंच पाहिजे का?" चिरंजीव म्हणाले, "बाबा, निदान मी मोटार घेऊन मागून येतो." आम्ही दोघांनाही हसून उत्तर दिले आणि पहाटे साडेचारास, घर जागे होण्यापूर्वी, दार ओढून घेतले. जाताना कोणत्या रस्त्याने जाणार हे आम्ही कोणास सांगितले नव्हते. ही गोष्ट आज सांगताना लाज वाटते.

अंगावर सुती गंजीफ्रॉक, त्यावर सुती सदरा, आणि वरून पावसाचा पातळ कोट. कॅरिअरला आमच्याच मागावरची एक चादर घडी करून बांधली होती. सोलापुरी चादरीला पुढे भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला, तो योग्यच आहे. आमच्या घरात तीन पिढ्या त्या चादरीवर जेवल्या. थंडीला चादर, ह्यापलीकडे आम्हांस विचार करावा लागला नव्हता.

वळसंगपर्यंतचा रस्ता अंधारातच संपला. तेथे भुरभुर सुरू झाली आणि पूर्वेकडे तोंड फिरवताच वारा समोरून आला. वाऱ्याचा हिशेब फार कठोर असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. निवांत हवेत ताशी 15 किलोमीटरांनी जाणाऱ्याला 15 चाच वारा लागतो. समोरून 20 चा वारा असला की अंगावर 35 चा येतो, आणि विरोध साडेपाच पटींच्या घरात जातो. पाय तेवढा जोर देऊ शकत नाहीत, म्हणून वेग उतरतो. आमचा तो 12 वर उतरला. तरीही आम्ही मनात खूष होतो, कारण अनुभवी स्वार जाताना वारा तोंडावर घेतो व येताना पाठीवर, हे आम्हांस ठाऊक होते. साडेसातास अक्कलकोट आले. वटवृक्ष मंदिरात स्वामींपुढे डोके टेकले, बाहेर एक चहा घेतला, आणि सदऱ्याच्या बाह्या पिळून पुन्हा निघालो. चहावाल्याने "पाऊस थांबू द्या की" म्हटले होते.

येथे परतलो असतो तर आपणांस हे भाषण ऐकावे लागले नसते.

दुधनीकडच्या रस्त्यावर पावसाने धार धरली. पातळ कोट वाऱ्याने फडफडून गळ्यापाशी उघडला व पाणी छातीवरून खाली उतरू लागले. जोवर पाय चालत होते तोवर अंग गरम होते. पुढे एके ठिकाणी रस्त्याचे काम चालले होते आणि वाहने शेतातून वळवली होती. काळ्या रानातला चिखल कसा असतो हे आपण जाणता. वीस-पंचवीस पावलांत तो टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा भरला की चाक फिरेना. सायकल आडवी पाडून काटकीने चिखल कोरीत आम्ही वीस मिनिटे त्या वाऱ्यात बसलो. खरे नुकसान ह्या वीस मिनिटांत झाले. पाय थांबले, अंगातली भट्टी विझली, आणि अंगावर ओले सूत.

पुन्हा सायकलवर बसलो तेव्हा बोटे ब्रेकभोवती वळेनात. अंग थडथड उडत होते. खिशातला गूळ-शेंगदाण्याचा लाडू काढण्यासाठी बटण सोडवता आले नाही, तेव्हा आम्ही स्वतःशीच हसलो. मग मैलभराने कापरे थांबले. आम्हांस वाटले, अंगाला थंडीची सवय झाली. आता गाणगापूर काही दूर नाही. श्रोतेहो, त्या क्षणी आम्हांस फार बरे वाटत होते, आणि आमच्या आयुष्यातील तो सर्वांत धोक्याचा क्षण होता, असे नंतर डॉक्टरांनी सांगितले. शरीराची उष्णता 37 अंश असते. ती 35 च्या खाली गेली की माणूस कापतो, जीभ जड होते, हिशेब चुकतो. आणखी उतरली की कापणेसुद्धा बंद पडते. ज्या बुद्धीने संकट ओळखावयाचे, तीच आधी थंड होते.

एका पडीक रानात मेंढरांचा वाडा बसलेला होता. आम्ही तो पाहिला आणि तसेच पुढे जात होतो, सायकल मात्र रस्त्याच्या कडेकडेने नागमोडी चालली असावी, कारण पालातून एक म्हातारी बाहेर आली आणि ओरडली, "ओ बाबा, थांबा की! कुठं निघालाव ह्या वाऱ्यात?" आम्ही "गाणगापूर" म्हटले, पण तो शब्द आमच्या तोंडून कसा बाहेर पडला कोण जाणे; तिने मागे वळून पालातल्या माणसास कानडीत काहीतरी म्हटले. तो धावत आला. "बर्री, कुंद्री" म्हणत त्याने आम्हांस सायकलीवरून अक्षरशः उतरवून घेतले. ह्या सीमेवर मराठी आणि कानडी एकाच चुलीवर शिजतात. त्या दिवशी दोन्ही भाषांचा अर्थ एकच होता.

आम्ही कॅरिअरवरची चादर सोडू लागलो. ती भिजून दगडासारखी जड झाली होती. म्हातारीने ती हातात घेतली, पिळली आणि बाजूला ठेवली. "आधी वली कापडं काडा," ती म्हणाली. आम्ही संकोच केला. ती म्हणाली, "मेंढराला लाज नसती म्हणून ते जगतंय." मग तिच्या मुलाने आमचा सदरा ओढून काढला, अंग कोरडे टिपले आणि आपल्या अंगावरची काळी घोंगडी आम्हांस गुंडाळली. ती घोंगडीही वरून ओलीच होती. तरी पाच-दहा मिनिटांत तिच्या आत उबारा धरू लागला. थोड्या वेळाने पुन्हा कापरे भरले. आम्ही घाबरलो, म्हातारी मात्र म्हणाली, "आता बरं हाय." तिला 35 अंशांचा हिशेब ठाऊक नव्हता, पण त्या हिशेबाचे उत्तर ठाऊक होते. तिने आम्हांस शेकोटीच्या फार जवळ जाऊ दिले नाही व हातपाय चोळू दिले नाहीत. छातीपाशी घोंगडी घट्ट धरून गुळाचा कोरा चहा घोट-घोट पाजला. वैद्यकाची पुस्तके ह्याहून फारसे वेगळे सांगत नाहीत.

आमचा टेलिफोन पाण्याने बंद पडला होता. मेंढपाळाने आपला पुढे केला. चिरंजीवांचा क्रमांक काही केल्या आठवेना. आठवला तो आमच्या जुन्या घरचा, केव्हाच बंद झालेला क्रमांक. तो आम्ही तीनदा सांगितला. अर्ध्या तासाने खरा क्रमांक आठवला. तोपर्यंत घरी काय चालले होते हे आम्ही येथे सांगत नाही. आमच्या मंडळी पहिल्याच रांगेत बसल्या आहेत.

त्या रात्री त्या वाड्यातली तीन कोकरे गेली होती. पालामागे ती पोत्याखाली झाकून ठेवलेली आम्ही पाहिली. त्यांच्या आधीच्या वर्षी, 1 आणि 2 डिसेंबर 2021 रोजी, पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे अशाच अवकाळी पावसाने व गारठ्याने शेकडो मेंढ्या दगावल्या होत्या. वर्तमानपत्रात ते वाचून आम्ही पान उलटले होते. तेथे बर्फ पडले नव्हते. आमच्या त्या दिवशीसुद्धा हवा 18 ते 20 अंशांची असावी. असल्या हवेला सोलापूरकर 'गुलाबी' म्हणतो. उन्हाचे शास्त्र आपल्या हाडात आहे. डोक्याला काय बांधावे, पाणी केव्हा प्यावे, बाहेर केव्हा पडू नये, हे आपल्या पोरासोरांना कळते. ओल्या वाऱ्याचे शास्त्र मात्र आपणांपैकी फार थोड्यांस येते, कारण तो वाऱ्याचा पाहुणा चार-दोन वर्षांनी येतो. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून नेते. वर वारा असला की विचारूच नये.

आपण विणणारी माणसे, म्हणून धाग्याविषयी थोडे बोलतो. सूत भिजले की निजते. त्यातील हवा निघून जाते व कापड कातडीला चिकटते. लोकरीच्या तंतूला जन्मजात पीळ आणि वळसे असतात, ते भिजले तरी उभे राहतात व हवा धरून ठेवतात. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. दख्खनी मेंढीची लोकर भरड व टोचरी. तिची घोंगडी खड्ड्याच्या मागावर विणून वर चिंचोक्याची खळ देतात. आम्ही चादरवाले तिच्याकडे कधी नीट पाहिलेच नाही.

आणि ह्याच ठिकाणी आम्हांस वडील आठवले. 1960 नंतरच्या काळात ते चादरींचे गठ्ठे सायकलला बांधून ह्याच रस्त्याने अक्कलकोट, दुधनीच्या बाजारांना जात. गठ्ठ्याच्या वर नेहमी एक काळी घोंगडी असे. आम्ही सात-आठ वर्षांचे होतो. शाळेतली मुले विचारीत, "तुमचे बापू चादरी विकतात आणि स्वतः घोंगडी घेतात?" आम्हांस मेल्याहून मेल्यासारखे होई. एकदा धीर करून आम्ही वडिलांना ते विचारले. त्यांनी आमच्याकडे पाहिले, घोंगडीची घडी नीट केली आणि निघून गेले. उत्तर दिले असते तर बरे झाले असते, असे आम्हांस पुष्कळ वर्षे वाटे. ते वारल्यावर ती घोंगडी आम्ही यंत्रमागाखाली, जेथे तेल गळते तेथे, अंथरली. ती तेथेच कुजली.

दुपारी चिरंजीव मोटार घेऊन आले. ते काही बोलले नाहीत. सायकल टपावर बांधली एवढेच. परतताना सबंध रस्ताभर वारा पाठीवर होता.

फाल्गुनात आम्ही त्या मेंढपाळाचा शोध घेतला. वाडा तेथून हलला होता, परंतु त्या दिवशीच्या टेलिफोनवरून गाव कळले. दोन मोठ्या चादरी घेऊन गेलो. म्हातारीने त्या उलटसुलट करून पाहिल्या, काठ चिमटीत धरून पारखला आणि नातीच्या लग्नासाठी पेटीत ठेवल्या. पैशाचा विषय काढताच तिने तोंड फिरवले. निघताना तिने एक नवी घोंगडी आमच्या खांद्यावर टाकली. खळीचा वास अजून गेला नव्हता. पुढल्या मार्गशीर्षात आम्ही गाणगापूरला सायकलने जाऊन आलो, रस्ता घरी लिहून ठेवून. दिवस कोरडा होता, घोंगडी एकदाही सोडावी लागली नाही.

आजही आम्ही सायकलनेच आलो आहोत. सभामंडपाच्या दाराशी, उजव्या बाजूस ती उभी आहे आणि घोंगडी कॅरिअरला बांधलेली आहे. ज्यांना तिचे वजन किंवा वीण पाहावयाची असेल त्यांनी जेवणापूर्वी खुशाल सोडून पाहावी. मात्र पुन्हा बांधताना गाठ घट्ट मारावी, कारण बाहेर वारा सुटला आहे.